अपघात कमी झाले, की फक्त कंपाउंडच्या बाहेर गेले?

अंबड_लिंकरोड
काल ग्रुपवर एका भावाने आपल्या नाशिकच्या एका मोठ्या कंपनीचा शाश्वतता अहवाल टाकला आणि वर लिहिलं, "कामगारांचे अपघात निम्म्यावर आले, पाणी वाचवलं, छतावर सोलर, डोंगरावर हजारो झाडं. उठसूट कारखान्यांना नावं ठेवणाऱ्यांनी एकदा वाचावं." मी वाचला, शेवटच्या तक्त्यापर्यंत वाचला, आणि तिथंच दोन ओळींचं उत्तर टाकायला बसलो पण ते काही दोन ओळींत मावेना म्हणून हा वेगळा धागा. कंपनीचं नाव घेत नाही, कारण हे एकीचं नाही. सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे, कुठंही जा.

मी २६ वर्षं टूलरूमला काढली. गेल्या महिन्यात आमच्या गल्लीत भाड्याने राहणारा सुरगाण्याचा एक पोरगा, २२ वर्षांचा, अंबडच्या एका गाळ्यात, म्हणजे छोट्या वर्कशॉपमध्ये, पॉवर प्रेसवर (पत्रा दाबून कापायच्या मशीनवर) होता. पेडल एकदा दाबलं आणि प्रेस दोनदा खाली आली. उजव्या हाताची दोन बोटं गेली. मी पोचलो तेव्हा हात कापडात गुंडाळलेला आणि पोरगा डाव्या हाताने मोबाईल उघडायची धडपड करत होता, आईला फोन लावायचा होता त्याला, आणि लॉक होतं गेलेल्या बोटाच्या ठशावर. पिन काही केल्या आठवेना. तीन वेळा चुकला आणि मग मोबाईल माझ्या हातात देऊन नुसता बघत बसला.

तो जे ब्रॅकेट दाबत होता ते मी ओळखतो. त्याची पहिली डाय, म्हणजे साचा, आमच्या टूलरूमला बनली, तेव्हा ते कंपनीतच प्रेस व्हायचं. मग ते व्हेंडरला गेलं, व्हेंडरने पुढं गाळ्याला दिलं. पार्ट तोच आहे, फक्त ज्याची बोटं जातात तो आता कंपनीचा माणूस नाही.

आता अहवालातला अपघाताचा दर बघा. दहा लाख तास काम झालं तर किती अपघातांत माणसाची ड्युटी बुडाली, तो आकडा. हजार माणसं, प्रत्येकी वर्षाला २४०० तास, म्हणजे २४ लाख तास. त्यात तीन अपघात झाले तर दर १.२५. प्रेस, प्लेटिंग (धातूवर मुलामा चढवणं), फाउंड्री असली कामं बाहेर द्या आणि आत असेंब्ली ठेवा, तीनाचा एक होतो. कुणी काही सुधारायची गरजच नाही. पाण्याचंही तेच. प्लेटिंग बाहेर दिलं की पाणी वाचलं! माझं म्हणणं एवढंच आहे की धोक्याचं आणि घाणीचं काम कंपाउंडच्या बाहेर टाकून त्याला प्रगती म्हणू नका.

सेफ्टी_सिन्नर
मी १४ वर्षं सेफ्टी ऑफिसर आहे म्हणून हे मला लागलं आणि उत्तर देतोय. पोराचं वाईट झालं, त्याबद्दल वाद नाही. पण "कुणी काही सुधारायची गरजच नाही" हे वाक्य तुम्ही मागे घ्या. २०११ ला आमच्याकडे फोर्कलिफ्ट रिव्हर्स घेताना एक हेल्पर भिंतीशी चेंगरला. जागेवर गेला. त्याच्या बायकोला सांगायला मी गेलो होतो, एचआर नव्हता गेला, मी गेलो होतो. त्यानंतर आम्ही पायी चालणाऱ्यांचा रस्ता वेगळा केला, कठडे लावले, रिव्हर्सचा हॉर्न, निळा लाइट, स्पीड बांधून दिला. एकही माणूस तसा गेला नाही परत. हे कागदावरचं आहे का? रात्री दोनला फोन वाजला की माझ्या पोटात गोळा येतो अजून.

आणि कंत्राटी कामगार मोजत नाहीत हा जुना समज आहे. सेबीचा जो बीआरएसआर आहे, म्हणजे शेअर बाजारातल्या कंपन्यांचा शाश्वतता अहवाल, पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३ पासून सक्तीचा, त्यात कर्मचारी वेगळे, कामगार वेगळे, आणि कामगारांत कंत्राटीही धरावे लागतात.

अंबड_लिंकरोड
गेटच्या आतले कंत्राटी धरतात, मान्य. गाळ्यातला पोरगा कुठल्या रकान्यात आहे ते दाखवा.

सेफ्टी_सिन्नर
तो आमचा कामगार नाही. कायद्यानं त्याचा मालक गाळेवाला.

अंबड_लिंकरोड
मग तेच तर म्हणतोय मी!

मेघा_क्वालिटी
दोघंही थोडे शांत व्हा. मी क्वालिटीला आहे, ९ वर्षं झाली. आत खरंच बदललंय, हे बोललंच पाहिजे. मी लागले तेव्हा ग्राइंडिंगला पोरं गॉगल कपाळावर लावून काम करायची, आता सुपरवायझरच मशीन बंद करतो. बायकांना सेकंड शिफ्टनंतर घरापर्यंत गाडी मिळते. या गोष्टी आमच्यासाठी मोठ्या आहेत.

पण ड्युटी बुडाली तरच मोजायचं, यातली चलाखी मी डोळ्याने पाहिलीय. आधीच्या एका कंपनीत (नाव नाही घेणार) माझ्या शेजारच्या लाईनच्या मुलाच्या पायावर फिक्श्चर पडलं, पायाचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी कंपनीची गाडी त्याच्या खोलीवर, प्लास्टर घातलेल्या पायासकट त्याला उचलून आणला आणि आमच्या क्वालिटी लॅबमध्ये खुर्चीवर बसवला. हजेरी लागली. सहा आठवडे तो माझ्यासमोर बसून गेज, म्हणजे मापं तपासायची साधनं, पुसत होता, पुसलेलेच परत पुसत होता. ड्युटी बुडाली नाही, म्हणजे अपघात नाही. ४ मार्चला सेफ्टी डेला त्याच डिपार्टमेंटला ढाल मिळाली आणि त्याने पण टाळ्या वाजवल्या.

सेफ्टी_सिन्नर
हे चुकीचं आहे आणि असं करणाऱ्यांमुळे आमची सगळ्यांची मान खाली जाते. पण एक सांगतो, हलकं काम देणं म्हणजे दरवेळी लपवाछपवी नाही, डॉक्टरने लिहून दिलं तर माणूस लवकर सावरतो. आणि कायद्यानं ४८ तासांच्या वर माणूस कामावर येऊ शकला नाही की इन्स्पेक्टर ऑफिसला कळवावंच लागतं. बोट तुटणं तर लपतच नाही, कायमची इजा असेल तर तिला अहवालात वेगळी ओळ आहे, हजेरी लागो न लागो.

गंगापूररोड_९१
अपघाताचं चालू द्या, मला त्या "हजारो झाडं" वर बोलायचंय. कुठं आहेत ती झाडं? आमच्या बाजूच्या टेकडीवर पाच वर्षांत तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे बोर्ड लागले. खड्डे तेच. जूनला साहेब येतात, टोपी, फोटो, वडापाव, आणि एप्रिलला वणवा. माझ्या वडिलांनी आणि मी मागच्या उन्हाळ्यात मोटरसायकलवर कॅन बांधून ४० रोपांना पाणी घातलं, ११ जगली. रोप लावायला पाच मिनिटं लागतात, जगवायला तीन उन्हाळे. अहवालात लावलेली मोजतात, जगलेली कुणीच मोजत नाही.

नंदिनीकाठ
+१. आणि लावतात काय? गिरिपुष्प आणि गुलमोहर. एक मध्य अमेरिकेतलं, एक मादागास्करचं. गिरिपुष्प भराभर वाढतं, गुरं फारसं तोंड लावत नाहीत, म्हणून फोटोत हिरवं दिसतं. आपल्याकडे फाशीच्या डोंगरावर लोकांनी देवराई उभी केली ती जाऊन बघा, सगळी देशी झाडं, माणसं वर्षानुवर्षं तिथं पाणी घालायला जातात.

रविवार_कारंजा
देशी-विदेशी हा वाद आता पुरे झाला. उघड्या मुरमाड डोंगरावर आधी गिरिपुष्प लावून माती धरून ठेवायची आणि मग देशी आणायची, ही पद्धत काही वेडेपणा नाही. त्याचा पाला कुजून नत्र मिळतं. माझ्या सासऱ्यांनी दिंडोरीला बांधावर लावलंय, खत म्हणून पाला घालतात.

गंगापूररोड_९१
बांध वेगळा, डोंगर वेगळा, साहेब. डोंगरावर ते बाकी काही उगवूच देत नाही. आणि तपोवनात कुंभमेळ्यातल्या साधूंच्या मुक्कामाच्या साधुग्रामसाठी मोठी झाडं तोडायचा विषय निघाला तेव्हाही हेच ऐकवलं ना आपल्याला, बदल्यात दुसरीकडे लावू म्हणून? लोक रस्त्यावर उतरले ते उगाच? ५० वर्षांच्या झाडाच्या बदल्यात काठीएवढी रोपं आणि म्हणे हिशोब बरोबर.

रविवार_कारंजा
तपोवनाचा इथं काय संबंध? सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, लाखो लोक येणार, त्यांना उतरवायचं कुठं ते पण सांगा. विरोध करायला सोपं असतं.

नंदिनीकाठ
विरोध करणारे सगळे नाशिकचेच होते, बाहेरून आलेले नव्हते. माझी आई ६८ वर्षांची, गुडघे दुखतात तरी उभी होती तिथं. तिला सोपं होतं म्हणता?

रविवार_कारंजा
तुमच्या आईंबद्दल मी काही बोललो नाही, ते माझ्या तोंडी घालू नका.

उन्हाचा_हिशोब
झाडांवर इतकं भांडताय म्हणून एक हिशोब. छतावरचं १ मेगावॅट सोलर आपल्याकडे वर्षाला साधारण १४ लाख युनिट देतं. ग्रिडच्या एका युनिटमागे अंदाजे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर वर्षाला ९८० टन वाचतो. मोठं झालेलं एक झाड वर्षाला २० किलो धरतं असा ढोबळ हिशोब सांगतात. म्हणजे एका छताच्या बरोबरीला ४९,००० मोठी झाडं लागतील, रोपं नव्हे. मी नाशिकरोडला वाढलो, एकलहऱ्याच्या कोळशावरच्या वीज केंद्राच्या राखेत आईने वाळत घातलेले कपडे दोन-दोनदा धुतलेत, त्यामुळे कोळसा कमी होतोय याचा मला मनापासून आनंद आहे. कंपनीने सोलर केलं असेल तर त्याचं श्रेय द्या. तिथं फसवणूक नाही, मीटर असतं.

गंगापूररोड_९१
झाड म्हणजे नुसता कार्बन का? सावली, पाणी मुरणं, पाखरं, हे कुठल्या मीटरवर दिसतं? सगळं आकड्यात बसवायची ही सवयच मुळात नडते आपल्याला.

उन्हाचा_हिशोब
मी झाडं नकोत म्हणालो नाही. कार्बनच्या रकान्यात झाडं दाखवू नका एवढंच म्हणालो. बाकी तुमचं ११ रोपांचं वाचून बरं वाटलं, हेही खरं.

अंबड_लिंकरोड
मी बोटांबद्दल धागा काढला होता. निम्म्याहून जास्त उत्तरं झाडांवर. झाडावर बोललं की सगळ्यांना बरं वाटतं, कारण तिथं कुणाचं रक्त दिसत नाही. माझी विनंती आहे, मूळ विषयावर या.

गंगापूररोड_९१
तुमचा विषय तेवढा खरा आणि आमचा टाइमपास, असं नसतं काका. पण ठीक आहे, थांबतो.

नंदिनीकाठ
मी मूळ विषयावरच येते. पाणी. काकांनी प्लेटिंगचं एका ओळीत उरकलं, ते मी रोज बघते. आमची गॅलरी नंदिनी नदीवर उघडते. माझ्या लहानपणी तिला नासर्डी म्हणायचे, नाव बदललं, नदी नाही बदलली. पावसाळा संपला की काही पहाटे पाण्यावर फेस असतो, दिवाळीच्या सुमाराला जास्त, आणि उग्र वास येतो, चाव्या हातात धरून ठेवल्यावर हाताला येतो तसला. हेच पाणी पुढं टाकळीला गोदावरीत जातं. गोदावरीच्या प्रदूषणावर २०१२ ला हायकोर्टात जनहित याचिका गेली, नीरी या सरकारी पर्यावरण संशोधन संस्थेने उपाय सुचवले, तेव्हापासून काठावर नुसते बोर्ड वाढलेत. मोठ्या कंपनीच्या अहवालात लिहिलेलं असतं की आमच्या आवारातून थेंबही बाहेर जात नाही. मला ते खरंच वाटतं! थेंब त्यांच्या आवारातून जात नाही, त्यांचं प्लेटिंग करणाऱ्या गाळ्यातून जातो.

(सगळा दोष गाळ्यांचा असं नाही म्हणायचं मला, घरांचं सांडपाणीही त्यातच येतं, आमच्या सोसायटीचंही येतं, हे मला माहीत आहे.)

प्रेसशॉप_सातपूर
इतका वेळ नुसतं वाचत होतो. आता बोलतोच, कारण सगळे गाळेवाला गाळेवाला करताय आणि तो मी आहे. अंबडमधला तो नव्हे. सातपूरला माझ्या सहा प्रेस आहेत, १९ माणसं. माझ्या स्वतःच्या डाव्या करंगळीचं टोक नाही, १९९८ ला गेलं, तेव्हा मी पण ऑपरेटर होतो. त्यामुळे बोटाची किंमत मला कुणी शिकवू नये.

सेफ्टी साहेब, तुमच्यासारखेच साहेब ऑडिटला येतात. "सेन्सर लावला का?" लावला. टिक. अहो, माझ्या सहापैकी चार प्रेस पिन क्लचच्या आहेत. पिन क्लच एकदा धरला की रॅम, म्हणजे खाली येणारा जड भाग, पूर्ण फेरी मारल्याशिवाय थांबतच नाही. मध्ये हात आला, सेन्सरने सिग्नल दिला, तरी थांबवणार काय? पिन झिजली किंवा स्प्रिंग तुटली की डबल स्ट्रोक येतो, काकांच्या पोराचं तेच झालं असणार. त्यावर इलाज एकच, हवेच्या दाबावर चालणारा, मध्येच थांबवता येणारा न्यूमॅटिक क्लच-ब्रेक बसवा, दोन्ही हातांची बटणं द्या, मग सेन्सर कामाचा. नाहीतर डायलाच असा गार्ड करा की बोट आत जाणारच नाही आणि पार्ट चिमट्याने ठेवा. मी दोन प्रेसना क्लच-ब्रेक केला, कर्ज काढून. त्याच वर्षी कंपनीच्या पर्चेसवाल्यांनी (खरेदी खात्याने) रेट कमी करायला सांगितला. दरवर्षी सांगतात. मी म्हणालो साहेब मशीन सेफ केलंय, खर्च झालाय, तर म्हणाले ते तुमचं बघा, बाजूचा गाळा कमीत देतोय. बाजूच्याने काहीच केलेलं नाही म्हणून तो कमीत देतो! आणि अहवालात काय येतं, "आमच्या पुरवठादारांना सुरक्षेचं प्रशिक्षण दिलं." दिलं ना. हॉटेलात. एक दिवस. जेवण चांगलं होतं.

सेफ्टी_सिन्नर
पर्चेस माझ्या हाताखाली नाही.

प्रेसशॉप_सातपूर
मग तुम्ही माझं ऑडिट कशाला करता? ज्याच्या हातात रेट आहे त्याला आणा, प्रेससमोर उभं करा आठ तास, एका शिफ्टला हजारांनी स्ट्रोक असतात. डोळे मिटायला लागतात माणसाचे. आणि एक खरं सांगतो, आवडो न आवडो, तुम्ही यायच्या दिवशी त्या चार प्रेस मी बंद ठेवतो. सगळेच ठेवतात.

सेफ्टी_सिन्नर
माहीत आहे मला. झाकलेलं मशीन मलाही दिसतं. मी तिथं "मशीन वापरात नाही" असं लिहितो, कारण दुसरं लिहिलं तर तुमचं काम जाईल आणि तुमची १९ माणसं घरी बसतील, आणि माल त्या बाजूच्या गाळ्यातून येईल. माझी रात्रीची झोप काय फक्त फोर्कलिफ्टमुळे उडालेली नाही.

वावी_वेस
हे काही फक्त नाशिकचं नाही. मी चार वर्षं हरियाणात मानेसरला होतो. तिकडे सेफ इन इंडिया नावाची संस्था हाच विषय घेऊन बसलीय, वाहन उद्योगाच्या खालच्या थरातल्या पुरवठादारांकडे तुटणारी बोटं आणि त्यात पॉवर प्रेस. त्यांनी महाराष्ट्रातल्या जखमी कामगारांचीही नोंद केलीय. तिकडे मी पाहिलेला प्रकार म्हणजे अपघात झाला की त्याच दिवशी पोराचं नाव ईएसआयला, म्हणजे कामगार विम्याला, लावायचं, तोपर्यंत तो कुणाच्याच कागदावर नसतो. काका, त्या पोराचा ईएसआय नंबर आधीचा आहे का ते बघा.

अंबड_लिंकरोड
बघितलं. अपघाताच्या दिवसाचाच आहे.

वावी_वेस
वाटलंच होतं. तरी अपघाताचा फॉर्म १२ मालकाकडून भरून घ्याच, त्याच्याशिवाय पुढचं हलत नाही. एका हाताची दोन बोटं गेली तर कायद्याच्या परिशिष्टात कमाईची क्षमता २० टक्के कमी झाली असं धरतात, मेडिकल बोर्डाने शिक्का मारला की त्या हिशोबाने आयुष्यभर महिन्याला पैसे येतात. थोडे असतात, पण २२ वर्षांच्या पोराला ते फार दिवस पुरतात. "मी दहा-वीस हजार हातात देतो, मिटवून टाक" असं मालक म्हणत असेल तर घेऊ देऊ नका.

अंबड_लिंकरोड
म्हणालाय. पंधरा. पोरगा घ्यायला तयार आहे, घरी भात लावणीला पैसे पाठवायचेत म्हणतो. मी अडवून धरलाय पण मी त्याचा कोण? आणि खरं सांगू का, तो म्हणतो बरं झालं की परत प्रेसवरच जाणार, हेल्परपेक्षा ऑपरेटरला जास्त मिळतात.

मेघा_क्वालिटी
काका, हे वाचून काही सुचत नाहीये. सेफ्टी सर, तुमच्या हातात नेमकं काय आहे, तेवढं तरी सांगा ना. मी विचारतेय, भांडत नाहीये.

सेफ्टी_सिन्नर
व्हेंडर ऑडिटच्या फॉर्मात "सेन्सर आहे / नाही" असा रकाना आहे. तिथं क्लचचा प्रकार आणि डायला गार्ड आहे का, हे दोन रकाने मी वाढवू शकतो, त्याला कुणाची सही लागत नाही. मशीन बंद असलं तरी नंबर लिहून घ्यायचा, हेही करू शकतो. रेटमध्ये क्लच-ब्रेकचा खर्च धरा हे मी लेखी कळवीन, ऐकतील की नाही ते सांगता येत नाही. आणि काका, "कुणी काही सुधारायची गरजच नाही" हे अजूनही मला मान्य नाही. पण आमचा आकडा खाली आला त्यात बाहेर दिलेल्या कामाचा वाटा किती, हे आम्ही कधी काढलंच नाही. काढायला पाहिजे होतं.

अंबड_लिंकरोड
ते वाक्य मी मागे घेतो. फोर्कलिफ्टचं तुम्ही लिहिलंत त्यानंतरच घ्यायला हवं होतं. बाकीचं एक अक्षर मागे घेत नाही.

प्रेसशॉप_सातपूर
काका, तो गाळेवाला कोण असेल याचा मला अंदाज आला आहे. माणूस वाईट नाही, घाबरलेला असेल. फॉर्म १२ भरला की इन्स्पेक्टर येईल या भीतीने पंधरा हजार पुढं करतोय. एकट्याने गेलात तर तो दार लावेल. माझ्यासोबत चला, माझं ऐकेल.

अंबड_लिंकरोड
उद्या सकाळी दहाला जमेल का? पोराला पण घेतो सोबत. दुपारी त्याचं ड्रेसिंग असतं.

प्रेसशॉप_सातपूर
साडेनऊला पपया नर्सरीपाशी थांबा, मी गाडी घेऊन येतो. त्याचं आधार आणि पहिल्या दिवशीचा दवाखान्याचा कागद बरोबर ठेवा.